मुखेडच्या बाजारातली धातूंची रांग

लेकरांनो, मुखेड कुठं आहे, ठाऊक आहे का? नांदेडहून एस.टी.त बसलं की दोनेक तासांत आपण बालाघाटच्या डोंगरातल्या या तालुक्याच्या गावी पोचतो. गावात दशरथेश्वराचं जुनं दगडी मंदिर आहे, चालुक्यांच्या काळातलं. त्याच्या भिंतींवरच्या सुरसुंदरींच्या मूर्ती बघत उभं राहिलं की वेळ कसा जातो ते कळत नाही. तुम्ही आलात तर मंदिर बघाच. पण आज मी तुम्हांला मंदिरात नाही, बाजारात नेणार आहे.

माझी शाळा याच तालुक्यातल्या एका लहानशा खेड्यात आहे. दरवर्षी आम्ही मुलांना परिसर भेटीला नेतो. कधी पोस्टात, कधी बँकेत, कधी रोपवाटिकेत. यंदा ठरवलं, मुखेडच्या बाजारात जायचं आणि एकच गोष्ट शोधायची : धातू. प्रत्येकानं वहीत तीन रकाने आखले. वस्तूचं नाव, धातूचं नाव आणि तिसरा रकाना, ‘ही वस्तू खराब कशी होते?’ पहिले दोन रकाने भराभर भरले. खरी गंमत तिसऱ्या रकान्यात निघाली.

एक पत्रा आणि एक डबा

पहिलं दुकान पत्र्यांचं. भिंतीला टेकवून ठेवलेले पांढुरके, चमकदार पत्रे. जवळून बघितलं तर त्यांच्यावर बर्फाच्या स्फटिकांसारखी नक्षी दिसते. आपल्या मराठवाड्याला या पत्र्याचं मोल वेगळं सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीची जड घरं कोसळली आणि हजारो माणसं झोपेतच गेली. त्यानंतर लातूर-उस्मानाबादच्या कितीतरी कुटुंबांनी पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढले. उन्हाळ्यात तापणारा, पावसात तडतडणारा, पण अंगावर पडला तरी जीव न घेणारा हा पत्रा.

“हा कशाचा आहे, काका?” एका मुलीनं विचारलं.

“लोखंडाचाच हाय बाळा. वरून जस्ताचं पाणी दिलंय,” दुकानदार म्हणाले. “बघ, इथं ओरखडा पडलाय. पण गंजला का? नाही!”

त्यांनी दाखवलेला पत्रा दुकानाच्या छपराचाच होता. दोन-तीन पावसाळे काढलेला. ओरखड्यात लोखंड उघडं पडलं होतं, तरी तांबडा गंज नव्हता.

शेजारी किराणा दुकान. बाहेर तेलाचे रिकामे डबे रचलेले. तेही लोखंडाच्या पातळ पत्र्याचेच, पण त्यांच्यावर जस्ताऐवजी कथलाचा पातळ थर असतो. त्यांतल्या एका डब्यावर ओरखडा पडला होता आणि बरोबर त्याच रेघेवर लालभडक गंज चढला होता.

आता सांगा पाहू. लोखंड तेच, पाऊस तोच, ओरखडाही तसाच. मग पत्रा का वाचला आणि डबा का गंजला?

मुलं गप्प झाली. एक जण म्हणाला, “सर, पत्रा जाड असंल.” पण ओरखडा तर लोखंडापर्यंत गेला होता. मग जाडीचा काय संबंध?

आधी कोण देणार?

याचं उत्तर धातूंच्या एका रांगेत आहे. प्रत्येक पदार्थ अणूंचा बनलेला असतो आणि अणूंमध्ये इलेक्ट्रॉन नावाचे अतिशय सूक्ष्म कण असतात. धातूंचा स्वभाव असा, की ते आपले इलेक्ट्रॉन दुसऱ्याला देऊन टाकतात. पण सगळे धातू सारखे उदार नसतात. काही पटकन देतात, काही हात आखडून बसतात. धातू इलेक्ट्रॉन देतो म्हणजे तो स्वतः झिजतो. त्याचे कण सुटे होऊन पाण्यात उतरतात. लोखंडाचा गंज म्हणजे तरी काय? लोखंडानं इलेक्ट्रॉन देऊन टाकल्याची ती खूणच.

जस्त आणि लोखंड एकमेकांना चिकटून भिजले, तर आधी कोण देणार? जस्त! जोवर शेजारी जस्त आहे तोवर लोखंडावर पाळी येत नाही. ओरखडा पडला तरी आजूबाजूचं जस्त झिजत राहतं आणि लोखंडाला राखतं. थोरल्या भावानं धाकट्याच्या वाटणीचा मार खावा, तसं. कथलाचं उलट आहे. ते लोखंडापेक्षा चिक्कू. थर अखंड आहे तोवर ते झाकणासारखं काम करतं. पण एकदा ओरखडा पडला की देण्याची पाळी लोखंडावरच येते आणि ते एकट्यापेक्षाही लवकर गंजतं.

ही रांग शास्त्रज्ञांनी नुसती लावली नाही, ती मोजलीसुद्धा. कशी? डोंगराची उंची आपण समुद्रसपाटीपासून मोजतो. समुद्रसपाटीला शून्य धरलं की बालाघाट किती उंच, सह्याद्री किती उंच, हे सांगता येतं. तसंच इथं हायड्रोजनला शून्य धरलं आणि बाकीच्यांची त्याच्याशी तुलना केली. त्या आकड्याला ‘इलेक्ट्रोड विभव’ म्हणतात आणि तो व्होल्टमध्ये सांगतात. आकडा जितका उणे, तितका धातू द्यायला उत्सुक. वहीत उतरवून घ्या :

ॲल्युमिनिअम : उणे १.६६
जस्त : उणे ०.७६
लोखंड : उणे ०.४४
कथील : उणे ०.१४
शिसं : उणे ०.१३
हायड्रोजन : शून्य
तांबं : अधिक ०.३४
चांदी : अधिक ०.८०
सोनं : अधिक १.५०

आजीच्या पेटीतलं सोनं इतक्या वर्षांनीही तसंच का लखलखतं, ते आता कळलं? रांगेत ते सगळ्यांत शेवटी आहे. काही देण्याचं नावच नाही!

खिळा काय सांगतो?

पुढं कृषी सेवा केंद्र. तिथं निळ्याजांभळ्या खड्यांची पिशवी होती. मोरचूद! मोरचुदात तांबं असतं, पण ते इलेक्ट्रॉन देऊन बसलेलं, पाण्यात विरघळणारं. मोसंबीच्या, लिंबाच्या बागेवर आणि पानमळ्यावर बुरशी पडू नये म्हणून शेतकरी मोरचूद आणि कळीचा चुना यांचं बोर्डो मिश्रण फवारतात. चुना कमी पडला तर मोकळं मोरचूद पानं जाळून टाकतं. मग चुना पुरेसा झाला की नाही, हे कसं ओळखायचं?

दुकानातल्या एका शेतकरी आजोबांनी युक्ती सांगितली. “घासलेला खिळा नाहीतर विळा बुडवायचा. तांबडा झाला, की अजून चुना घालायचा. पांढरा राहिला, की खुशाल फवारायचं.”

आम्ही काचेच्या ग्लासात नुसतं मोरचुदाचं पाणी घेतलं आणि खिळा सोडला. पाहता पाहता खिळ्यावर तांबूस थर चढला. मुलं ओरडली, “सर, खिळा तांब्याचा झाला!”

खिळा तांब्याचा झाला नव्हता. रांग बघा. लोखंड देणारं, तांबं घेणारं. लोखंडानं इलेक्ट्रॉन दिले आणि स्वतः पाण्यात उतरलं. पाण्यातल्या तांब्यानं ते घेतले आणि खिळ्यावर येऊन बसलं. म्हणूनच बोर्डो मिश्रण लोखंडी किंवा जस्ताच्या बादलीत करू नये. बादलीही जाते आणि औषधही बिघडतं. प्लॅस्टिकची बादली किंवा मातीचं भांडं बरं.

पाण्याचा पाट आणि तारेचा पाट

ओढ्याचं पाणी उतारानं आपोआप खाली जातं. पण तेच पाणी पाटानं वळवलं, तर वाटेत चक्की फिरवून घेता येते. खिळ्याच्या प्रयोगात इलेक्ट्रॉन लोखंडाकडून तांब्याकडे सरळ गेले, आपल्या हाती काही आलं नाही. पण देणारा आणि घेणारा यांना दूर ठेवलं आणि इलेक्ट्रॉनना तारेतून जायला लावलं तर? वाटेत दिवा लावता येईल! यालाच विद्युतघट म्हणतात.

हे पहिल्यांदा जमलं इटलीच्या अलेस्सांद्रो व्होल्टाला, इसवी सन १८०० मध्ये. त्यानं जस्त आणि चांदी यांच्या चकत्या एकीवर एक रचल्या आणि मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठ्याचे तुकडे ठेवले. दोन्ही टोकांना हात लावला की झटका बसे. ‘व्होल्ट’ हे नाव त्याच्यावरूनच पडलं. पुढं १८३६ मध्ये इंग्लंडच्या जॉन डॅनियलनं एका बाजूला जस्त आणि दुसऱ्या बाजूला मोरचुदाच्या पाण्यात तांबं ठेवून घट बनवला. त्याच्यातून किती व्होल्ट मिळतील, ते तुम्हीच काढा. जस्त शून्याच्या खाली ०.७६, तांबं शून्याच्या वर ०.३४. दोघांतलं अंतर १.१० व्होल्ट. अगदी तेवढेच मिळतात! विहिरीच्या तळापासून माडीपर्यंतचं अंतर काढावं, तसा सोपा हिशेब.

बाजारातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात आम्ही सेल बघितले. गंमत अशी, की आपल्याकडे टॉर्चलाच ‘बॅटरी’ म्हणतात. शेताला पाणी द्यायचं आणि वीज रात्रीची, असा प्रसंग कितीदा येतो! अंधारात बांधावर साप, विंचू. अशा वेळी हातातल्या बॅटरीचा उजेड म्हणजे जिवाची राखण. तो उजेड येतो जस्तातून. साध्या सेलचं बाहेरचं डबडं जस्ताचं असतं. मधोमध कार्बनची कांडी, तिच्याभोवती मँगनीज डायऑक्साइडची काळी पूड आणि मध्ये ओलसर लगदा. जुन्या पद्धतीच्या सेलमध्ये हा लगदा नवसागराचा असे. जस्त देतं, काळी पूड घेते. दोघांतलं अंतर साधारण दीड व्होल्ट. डबडं झिजत झिजत त्याला भोक पडलं की सेल पाझरतो आणि टॉर्चची स्प्रिंग खराब होते. म्हणून टॉर्च बरेच दिवस वापरायची नसेल तर सेल काढून ठेवा.

“सर, आमचे आबा सेल उन्हात ठेवतात. मग पुन्हा पेटतो,” एक मुलगा म्हणाला. खरं आहे. उबेनं आतली क्रिया थोडी जोर धरते. पण झिजलेलं जस्त उन्हानं परत येत नाही, म्हणून तो उजेड घटकाभराचा.

जपून राहा, लेकरांनो

बाजाराच्या टोकाला भंगाराचं दुकान होतं. तिथं मोटारसायकलच्या आणि इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्या रचलेल्या. या बॅटऱ्यांची कल्पना १८५९ मध्ये फ्रान्सच्या गास्तों प्लान्तेनं काढली. आत शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाम्ल. एका घरात साधारण २ व्होल्ट, अशी सहा घरं मिळून १२ व्होल्ट. हिची खुबी अशी, की बाहेरून वीज दिली की इलेक्ट्रॉन उलटे नेता येतात आणि बॅटरी पुन्हा भरते.

“आमचा मामा यातलं शिसं वितळवतो. मासे धरायच्या जाळ्याला लावायला,” माझ्या वर्गातला एक मुलगा सहज सांगून गेला. कशात वितळवतो? घरच्या चुलीवर, जुन्या कढईत. आणि हा त्याच्या शेजारी बसून बघतो.

हे ऐकून मी सगळ्यांना तिथंच बसवलं. शिसं हे विष आहे. त्याचा धूर, त्याची धूळ पोटात किंवा फुप्फुसात गेली तर ते लहान मुलांच्या मेंदूला इजा करतं. शिकणं, लक्ष लागणं, आठवणं, सगळ्यावर परिणाम होतो. वास नाही, चव ओळखू येत नाही, लगेच दुखत नाही, म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही. युनिसेफनं २०२० साली सांगितलं, की जगातल्या दर तीन मुलांमागे साधारण एकाच्या रक्तात धोक्याइतकं शिसं आहे. त्याचं एक मोठं कारण म्हणजे जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडणं आणि वितळवणं.

त्या संध्याकाळी मी मुलाच्या मामांना भेटलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “गुरुजी, हे आम्हांला कुणी सांगितलंच नव्हतं,” म्हणाले. आता ते जाळ्याची वजनं तयार विकत आणतात. तुमच्या घरी जुनी बॅटरी असेल तर ती फोडू नका, नवी घेताना दुकानदाराला परत द्या. २००१ च्या नियमांपासून अशी बॅटरी परत घेण्याची व्यवस्था आहे, आणि २०२२ च्या नियमांनी ती गोळा करून नीट पुनर्वापरात आणण्याची जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्यांवर टाकली आहे. वडीलधाऱ्यांना हे जरूर वाचून दाखवा.

कल्हई आणि नवसागराचा धूर

परतताना एका झाडाखाली कल्हईवाले चाचा भेटले. आता ते क्वचितच दिसतात. भाता, कोळसे, उलटसुलट तापवलेलं पितळी पातेलं. पातेलं तापलं की त्यात नवसागर टाकायचा. पांढऱ्या धुराचा लोट उठतो आणि भांड्यावरचा मळ सुटतो. मग कथलाचा तुकडा फिरवून कापसानं पुसलं की क्षणात आतून चांदीसारखं पांढरं! चिंचेची आमटी उघड्या तांब्या-पितळेत ठेवली तर कळकते. मध्ये कथलाचा थर असला की आंबट तांब्यापर्यंत पोचत नाही. आणि इथं कथील तांब्याच्या आधी देणारं आहे, म्हणून बारीकसा ओरखडा पडला तरी तेल्याच्या डब्यासारखी गत होत नाही. एकच कथील, शेजारी बदलला की गुण बदलला!

चाचा म्हणाले, “सर, हा नवसागर भांडं पांढरं करतो, अन् हाच बीदरला गेला की काळं करतो.”

बीदरचं काळं सोनं

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. दिवाळीच्या सुट्टीत मी निघालोच. मुखेडहून उदगीर, आणि उदगीरहून रेल्वेनं कमलनगर, भालकी करत बीदर. आज मध्ये राज्याची सीमा लागते, पण १९५६ पर्यंत उदगीर तालुका बीदर जिल्ह्यातच होता. वाटेत अजून मराठी कानांवर पडते.

बीदरच्या जुन्या शहरातल्या गल्ल्यांत ठोकाठोकीचा बारीक आवाज येत राहतो. तिथं बिदरी काम चालतं. बहमनी सुलतानांच्या काळापासून ही कला इथं आहे, असं मानतात. आधी जस्त आणि तांबं वितळवून सुरई, पेटी, तबक असं काही ओततात. जस्त पुष्कळ आणि तांबं थोडं, साधारण सोळा भागांना एक. मग कानशीनं घासून गुळगुळीत करतात. आता त्या चकचकीत भांड्यावर नक्षी आखायची कशी? रेघ दिसणार नाही. म्हणून कारागीर त्याला मोरचुदाचं पाणी चोळतात. लगेच भांडं काळपट होतं! ओळखलंत ना? आपल्या खिळ्याचाच प्रयोग. जस्तानं दिलं, मोरचुदातल्या तांब्यानं घेतलं.

त्या काळपट अंगावर टोकदार सळईनं वेलबुट्टी कोरतात, खाचांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात आणि पुन्हा सगळं घासून काढतात. आता चांदी आणि जस्त दोन्ही पांढरी. नक्षी जवळजवळ नाहीशीच! शेवटी येतो नवसागर. बीदरच्या किल्ल्यातली, ऊनपाऊस न लागलेली जुनी माती आणि नवसागर यांचा लेप ते कोमट केलेल्या भांड्यावर चोळतात. ती माती कारागीर जिभेला लावून पारखतात. बघता बघता भांडं काळंकुळकुळीत होतं आणि त्यातून चांदीची वेल लखकन उजळते.

का? लेप लागताच रांगेतलं पुढचं जस्त पृष्ठभागावरून आधी निघून जातं, मागे राहिलेल्या तांब्याचा काळा थर धरतो. चांदी मात्र रांगेत खूप मागे उभी, तिला धक्काही लागत नाही. विभवांचे आकडे कुणी मांडायच्या कितीतरी आधी या कारागिरांनी ही रांग हातांनी ओळखली होती. याच कलेसाठी बीदरचे शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

करून बघा

१. चार लिंबं घ्या. प्रत्येकात एक जस्ती खिळा आणि एक तांब्याच्या तारेचा तुकडा खोचा, दोन्ही आत एकमेकांना लागू देऊ नका. एका लिंबाचा खिळा पुढच्या लिंबाच्या तारेला जोडत जा. शेवटच्या दोन टोकांना लहानसा लाल एल.ई.डी. लावा. पेटला नाही तर त्याचे पाय उलटे करा. अंधारात मिणमिणता उजेड दिसेल. आम्ही मोटार रिवायंडिंगवाल्या काकांच्या मीटरनं मोजलं, तर एका लिंबाचे ०.९ व्होल्टच्या आसपास भरले. ही लिंबं नंतर खाऊ नका, त्यांत जस्त उतरलेलं असतं.

२. काळे पडलेले चांदीचे साधे पैंजण आईला विचारून घ्या. ॲल्युमिनिअमच्या जुन्या ताटलीत ते तळाला टेकतील असे ठेवा. चमचाभर मीठ आणि चमचाभर खाण्याचा सोडा टाका. मोठ्या माणसाकडून त्यावर कढत पाणी ओतून घ्या. थोडा कुजकट वास येईल आणि काळेपणा उतरेल. खडे-मोती बसवलेले दागिने मात्र टाकू नका.

इथं कुणी दिलं आणि कुणी घेतलं? रांग काढा आणि उत्तर शोधा. मग आपल्या गावच्या बाजारात वही घेऊन जा. पहिले दोन रकाने सोपे आहेत. तिसरा रकाना भरून बघा!